नाव काढून घ्या

माझं माहेर जतेकडचं. तिथं भरला घडा सांडला की आई घडा फुटला का ते बघायची नाही, आधी माझ्या पाठीत धपाटा घालायची. अशा मुलुखातल्या माणसाला कुणी कृष्णेतलं बेट दाखवलं तर त्याचं काय होणार? बापाचे डोळेच फिरले. नवरामुलगा त्यानं ओझरता बघितला, पाणी मात्र डोळे भरून बघितलं, आणि मला तिथं देऊन टाकलं.

बेट सांगलीच्या वरच्या अंगाला. नदीला दोन फाटे फुटून पुढं परत एक व्हायचे, त्यांच्या मध्ये राहिलेली ती जमीन. अकरा उंबरे, एक मारुती, बाकी शेतं. उन्हाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं की पलीकडं जाता यायचं. पावसाळ्यात मात्र चार महिने आम्ही आणि पाणी. तेव्हा बेटावर ये-जा करायचे दोनच मार्ग. एक आमच्या घरची नाव, आणि दुसरी काहील. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची ती लोखंडी कढई, चार माणसं आत बसतील एवढी. गुऱ्हाळ बंद असलं की ती पाण्यात सोडायची, बाई-माणूस, मीठ-मिरची आत ठेवायची, आणि दोघं पोहणारे गडी तिला कडेनं ढकलत न्यायचे. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मोठ्यानं रडले होते. गडी हसून म्हणाला, “वैनी, गप बसा, न्हाईतर गूळ हुईल तुमचा.” मेल्याला तेव्हाही हसणं सुचत होतं!

लग्नाला वर्ष होतंय तोवर मालक पलटणीत गेले. लढाई चालू होती, आमच्या भागातनं घरटी एक तरी गेलाच होता. जाताना म्हणाले, “दादा हायती. काळजी करू नगंस.” आणि मी त्याच दिवसापासून काळजी करायला लागले.

उगाच नाही. माझ्या बापाला एक चुलता होता. बाप दुष्काळात दोन वर्षं कामाला लांब गेला, तेवढ्यात चुलत्यानं तलाठ्याला धरून उताऱ्यावरनं बापाचं नाव काढलं. बाप परत आला तर स्वतःच्या बांधावर पाहुणा! मी मराठी चौथी शिकलेली, तो उतारा मीच त्याला वाचून दाखवला होता. आपला बाप उंबऱ्यात बसून ऊर बडवून घेतो हे ज्या पोरीनं बघितलंय, तिला ‘दादा आहेत’ म्हणून झोप कशी येणार? जमिनीवर दोन नावं होती, थोरल्या दिरांचं आणि आमच्या मालकांचं. एक माणूस घरात, दुसरा कुठल्या मुलुखात तेही कळायचं नाही. तेवढं एक नाव उताऱ्यावर टिकवायचं, हा मी मनाशी पण केला होता. पोटात पाचवा महिना होता.

थोरल्या दिरांशी बोलायचं तर सोय नव्हती. धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरांसमोर तोंडावर पदर ओढायचा, त्यांनीही तिच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. काही सांगायचं झालं की ते अंगणात उभे राहून जाऊबाईंना सांगायचे, “मागल्या दाराला साप फिरतोय म्हनावं.” जाऊबाई माझ्याकडं वळून तेच सांगायच्या, मी तिथंच उभी असून! मी त्यांना आक्का म्हणायची. माणूस बरं होतं, पण नवऱ्याचंच ना? मी त्यांनाही पारखूनच घ्यायची.

आता ऐका. श्रावणातली दुपार. वारं भणाणत होतं, मी माझ्या खोलीत निवडण करत बसलेले. कुडाच्या पलीकडं भावजी, म्हणजे थोरले दीर, कुणाशी तरी हळू बोलत होते. बेटावरचा आवाज नव्हता. मी फटीला डोळा लावला. पलीकडच्या तीरावरचा कुणी माणूस होता, धोतर स्वच्छ, आणि कानावर पेन्सिल. बापाच्या गावच्या तलाठ्याच्या कानावर अशीच पेन्सिल असायची.

वाऱ्यानं अर्धं बोलणं उडत होतं. आलं ते एवढंच.

भावजी म्हणाले, “पानी चढायच्या आत नाव काढून घ्या.”

तो माणूस काहीतरी पुटपुटला.

“मग नव्यानं लावू. पर धाकटीला पत्ता लागू दिऊ नगा.”

हातातलं सूप पडलं माझ्या! आता आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? नाव काढायचं, नव्यानं लावायचं, आणि धाकटीला पत्ता लागू द्यायचा नाही. रांडेच्यांनो, म्हटलं, धाकटीनं सगळं ऐकलंय.

त्या दिवसापासून मला जिकडं तिकडं तेच दिसायला लागलं. भावजी माझ्या मागल्या दाराशी येऊन उताराकडं पावलं मोजायला लागले. मोजायचे, थांबायचे, पाण्याकडं बघायचे. एक दिवस तिथं त्यांनी बाभळीची जाड मेख ठोकली. हद्द पाडली म्हणायची! ते शेताकडं गेल्यावर मी ती मेख हलवून हलवून उपटली आणि नदीत भिरकावली. दुसऱ्या दिवशी तिथंच दुसरी मेख. तीही उपटली. तिसरी इतकी खोल ठोकली होती की पोटुशी बाई मी, घामानं निथळले, पण उपटलीच. आक्का नुसत्या माझ्या मातकट हातांकडं बघायच्या. ज्या घरात तीन मेखा नदीत जातात आणि कुणी ब्र काढत नाही, तिथं पाणी मुरतंय हे कुणालाही कळेल. चौथी मेख ठोकली तेव्हा मात्र माझ्यानं हलली नाही.

पाऊस जरा उघडला तसा बाप न्यायला आला, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. मला काहिलीत बसवलं. नाव काठावर पालथी पडलेली होती, का ते मी विचारलंही नाही. मला नावेचं काय करायचं होतं? पलीकडं उतरल्याबरोबर बापाला म्हटलं, “जतेला मागनं, आधी चावडीवर चला.”

चावडीवरच्या तलाठ्यानं चष्मा पुसून उतारा काढला. मी स्वतः वाचला. दोन्ही भावांची नावं जागच्या जागी होती. दुसरी कुणी असती तर तिथंच कपाळाला हात लावून हसली असती. मी काय म्हणाले असेन? “म्हणजे अजून काढलं नाही. काढणार हायत.” बापानंही मान हलवली. त्याला तर सगळे चुलते एकाच मातीचे वाटायचे. म्हणाला, “तवर वाटणी मागून घे.”

माघात मी बापाबरोबर, तीन महिन्यांची लेक घेऊन परत आले ती वाटणी मागतच. पत्र मालकांना धाडलं होतं, पोचलं की नाही देव जाणे. बेटावरचे पाच पंच मारुतीपुढं बसले. भावजींनी वाद घातला नाही, हेच मला खटकलं. जमीन सुखासुखी कोण सोडतो?

आमच्याकडं वाटणीची एक रीत होती. जो वाटणी मागतो त्यानं वाटे पाडायचे, आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. बाप बाहेरचा, त्यानं हात लावायचा नाही. मग मीच डोईवर पदर घेऊन, सुपात चुलीतली राख घेऊन रानात उतरले. तोवर मी सगळा हिशेब मनात घातला होता. बेटाचं वरलं टोक, जिकडनं नदी येते ते, उंच, काळं कुळकुळीत, उसाचं. खाललं टोक सखल, वाळूमिश्रित, पावसाळ्यात आधी बुडणारं. उघड होतं, भावजी वरलं उचलणार. मग मी वरला वाटा मुद्दाम लहान केला, राखेची रेघ चांगली वीस पावलं वर सरकवली. घ्या म्हटलं, उचला आता.

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारा खोकला. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला नाटक वाटलं. भावजी रेघेपाशी जाऊन वरल्या बाजूला उभे राहिले. मग म्हणाले, “वरलं माजं.”

बघा! मी बापाकडं बघितलं, बापानं माझ्याकडं. उचललंच ना चांगलं? बरं झालं मी लहान केलं होतं. घरी येऊन मी दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधलं दार शेणमातीनं स्वतःच्या हातानं बुजवलं.

आणि त्याच आठवड्यात नाव माझ्या मागल्या दाराशी, त्या चौथ्या मेखेला येऊन बांधलेली दिसली. नवं डांबर, दोन नव्या फळ्या. पाळत ठेवायला आणून बांधली म्हटलं. मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. मी भीतीनं खाललं रान बघायलाही गेले नाही, गेलं असणार म्हटलं. पाणी उतरल्यावर गेले तर रान होतं. होतं म्हणजे काय, वाढलं होतं! पाचसहा पावलं गाळाची नवी मळी, लोण्यासारखी. मी वेड्यासारखी अनवाणी नाचले त्यात. मग सहज वर नजर गेली, तर भावजींच्या उसाच्या तीन सऱ्या नव्हत्याच. कडा उभी कापलेली, मुळं पाण्यावर लोंबत होती.

बेटावरच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं ते जतेच्या या शहाणीला ठाऊक नव्हतं. नदी वरलं टोक खाते आणि खालल्या टोकाला आणून टाकते. दर साली. म्हणून तर पंच एकमेकांकडं बघत होते. भावजींनी जाणूनबुजून खाल्लं जाणारं टोक उचललं होतं, तेही मी वीस पावलं कातरलेलं.

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी संशय आला. यात काय डाव असेल? रात्रंदिवस डोकं खाजवलं, डाव सापडेना.

दुसऱ्या पावसाळ्यात वरलं टोक जवळजवळ सगळं गेलं. तेव्हा मालक लढाईवरनं परत आले होते. सगळं ऐकून घेतलं, आठ दिवस माझ्या हातचं मुकाट जेवले, नवव्या दिवशी पहारीनं ते बुजवलेलं दार फोडलं. त्या उघड्या दारातनं आक्का जात्यावर येऊन बसल्या, पहिल्यासारख्या. खुंटा दोघींच्या हातात. मला राहवेना. म्हटलं, “आक्का, आता तरी खरं सांगा. श्रावणात तुमच्याकडं तलाठी आला होता ना? यांचं नाव काढायला?”

“कुठला तलाठी?”

“कानावर पेन्सिल होती त्याच्या.”

“अगं, सुतार त्यो!” आक्कांनी जातं थांबवलं. “कुनाचं नाव काढतीस गं? नाव काढायची हुती, ही, मागली. बुडाशी कुजली हुती. तू पोटुशी, पान्याला भ्यायचीस. नाव काठावर काडल्याली दिसली तर जिवाला घोर लावून घेशील, म्हनून सांगू नगा म्हनलं. कळा लागल्या तर तुला दारातनं उचलून न्याया यावी म्हनून ती नव्यानं तुज्या दारामागं लावायची हुती, त्यासाठी मेख ठोकली. तू ती तीनदा उपटलीस. ह्ये म्हनायचे, ऱ्हाऊ दे, पोरगी घाबरलीया.”

‘काढायची’तली एक ‘ची’ माझ्या कानावर पडली असती, तर हे काही झालं नसतं. ‘नाव काढून घ्या’ यात नाव ती का ते, हे काय कळतं? जात्यातलं पीठ माझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं भिजायला लागलं तसं आक्कांनी मला बाजूला सारलं. “पीठ नासतंय,” म्हणाल्या.

मालकांनी भावाला खाललं रान अर्धं घ्या म्हणून विनवलं. उताऱ्यावर तुमचं नाव परत लावू म्हणाले. आक्कांचं माहेर कोरेगावकडचं, तिथं भावाकडं रान कसायला होतं. पण तिकडं जायचं भावजींनी ठरवूनच टाकलं.

निघायच्या दिवशी फाट्याला अजून दोन पुरुष पाणी होतं. माणसं आणि बोचकी काहिलीत बसली. नाव माझ्या मेखेलाच होती. मी पदर ओढून काठावर उभी. भावजी काहिलीत पाय टाकता टाकता थांबले, आणि पाण्याकडं बघत आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

“नाव ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.”

वारा नव्हता. शब्द न् शब्द ऐकू आला. गड्यांनी काहील ढकलली, ती धारेला लागली, आक्का दिसेनाशा होईपर्यंत हात हलवत होत्या.

मी मालकांना म्हटलं, “ऐकलंत ना? नाव राहू द्या म्हणाले. उद्या चावडीवर चला, खालल्या रानाला त्यांचं नाव लावून येऊ.”

मालक गोंधळले. “अगं, नावंचं म्हनाले ते. ह्या नावंचं.”

“मला तसं ऐकू आलं नाही,” मी म्हटलं, आणि घरात जाऊन चावडीवर न्यायचे कागद काढले.