मागच्या बाकावरचे सर

१० जुलैला सरांच्या खात्यात साडेसातशे रुपये जमा झाले. शिकाऊ शिक्षिकेला गणित शिकवायला तयार करण्याचा हा भत्ता. अट एकच होती: तिचा तास चालू असताना मागच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

“गप्प बसायचे पैसे?” बायको म्हणाली. “मग घरी फुकट कशाला बडबडता?”

शिकाऊ बाईंनी फळ्यावर तीन भागिले एक द्वितीयांश लिहिलं आणि अपूर्णांक उलटा करून गुणायला सांगितलं.

“बाई, पण उलटा का करायचा?” पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

बाईंनी फळ्यावरचं पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. सरांची जीभ वळवळायला लागली. ते अर्धे उठलेही. बाक करकरला आणि सगळा वर्ग मागे वळला. आत्ता आपण बोललो, तर ही पोरं पुन्हा बाईंना काही विचारणार नाहीत, हे त्यांना कळत होतं.

“पेन पडलं,” असं म्हणून ते बाकाखाली शिरले. पेन खिशातच होतं.

“तीन मीटर दोरीचे अर्ध्या मीटरचे तुकडे किती?” बाईंचा आवाज आला.

“सहा!”

“एका मीटरचे दोन, म्हणून तीनला दोननं गुणलं.”

“आणि दोन तृतीयांश मीटरचे तुकडे केले तर?” तीच मुलगी.

“ते मला आत्ता नीट सांगता येत नाही. उद्या सांगते.”

घंटा झाली. बाहेर बाईंनी हळूच विचारलं, “सर, तुम्ही सांगता का?”

“आधी दोरी कापून बघा,” सर म्हणाले आणि तोंडून उत्तर निसटायच्या आत घाईनं चालू लागले.

बाईंचं त्या मुलीला एक उत्तर देणं बाकी आहे.