तळघरातले हस्केलकाका

हस्केलकाका बायकोला हाक मारायचे ती पाइपावर पाना आपटून. स्वतः तळघरात, बॉयलरपाशी. दीनाकाकू तिसऱ्या मजल्यावर, लांडाउसाहेबांच्या स्वयंपाकघरात कामाला. मधले जिने चढायचे कुणी? दोन ठोके म्हणजे चहा आण, तीन म्हणजे जेवायला ये. काकू वरून रेडिएटरवर, म्हणजे खोली तापवणाऱ्या नळांच्या जाळीवर, पळी आपटायची. एकदा आपटली तर आले, दोनदा आपटली तर जरा दम धरा. हा संसार गरम पाण्याच्या नळांतून चालत असल्यामुळे तो प्रत्येक खोलीत पोचायचा. इस्राएलमधल्या हैफाच्या डोंगरउतारावरच्या त्या इमारतीत जर्मन, पोलिश, रुमानियन अशी बिऱ्हाडं होती. मराठी एकालाही येत नव्हती, पण हस्केलकाकांना चहाची तलफ आली की ते सगळ्यांना कळायचं.

हे बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यातलं. मी बंदरात कारकून होतो आणि त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होतो. नात्याने ते माझ्या आईचे लांबचे भाऊ, म्हणजे मामा. पण सगळं जग त्यांना काका म्हणायचं, तिथे मी एकट्याने काय शहाणपणा करायचा?

काकांचं आयुष्य मुंबईच्या मिलमध्ये वाफेच्या बॉयलरपुढे गेलेलं. इतर मराठी ज्यूंबरोबर इथे आल्यावर त्यांना आधी दक्षिणेकडच्या एका नव्या गावात, वाळूत नेऊन बसवलं. मग ही नोकरी मिळाली. नोकरीबरोबर खोलीही मिळाली, बॉयलरच्या खोलीला लागून. तसंच लोखंडी दार, तशीच ओल, आणि खिडकी नाही. नोकरी गेली की खोली गेली. मुलगा रामल्याला होता, पण त्याच्या दोन खोल्यांत त्याची बायकोमुलं आणि वर सासूसासरे. "तिकडे पाय पसरायचे तर पाळी लावावी लागते," काका सांगायचे. मुंबईची जागा तर कधीच दुसऱ्याला देऊन टाकलेली. "पुढे भिंत, मागे समुद्र, आणि मधे मी नि बॉयलर. जाऊन जाऊन कुठे जाणार बोल."

आणि नेमका तो बॉयलरच बिघडला. जाळ लागला की दाबाचा काटा लाल रेघ ओलांडायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह थुंकायला लागायचा, जिन्याखाली तळं साचायचं. काकांचा उपाय एकच. बॉयलरच्या नळाला जोडलेलं एक लोखंडी पिंप छताला टांगलेलं होतं, त्यावर ते पाना मारून बघायचे. पोकळ आवाज आला की लगेच वरची तोटी उघडून हवा घालवायची आणि पाणी भरायचं, थेट बद्द आवाज येईपर्यंत. "पाणी कमी तर माणूस कमी," हे त्यांचं मिलमधलं वाक्य. ते इतक्या खात्रीने म्हणायचे की विचारणाराच ओशाळायचा. मग काटा आणखी चढायचा आणि काका आणखी भरायचे.

लांडाउसाहेब हे इमारतीच्या कमिटीचे प्रमुख. बर्लिनमध्ये त्यांचं हातमोज्यांचं दुकान होतं. कचरा टाकायला जातानासुद्धा टाय लावायचे. त्यांनी काकांना काढायचं ठरवलं. ही बातमी काकूने त्यांच्याच स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकली आणि खाली आणली. शुक्रवारी ते स्वतः येऊन सांगणार होते.

"सांगू दे," काका म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दाढी केली.

शुक्रवारी दुपारी साहेब उतरले, बरोबर मी दुभाष्या. दुभाष्याच्या कामात मी पाहिजे तिथे साखर घालायचो आणि पाहिजे तिथे मीठ काढायचो, त्यामुळे दोघांचं एकमेकांविषयी मत बरं होतं. काकांनी सकाळपासून जोरात जाळ लावला होता, कारण संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागल्यावर ते बर्नरला हात लावणार नव्हते. घरं रात्रभर उबदार राहिली पाहिजेत. आणि शब्बाथसाठी घरात पाव भरून ठेवावा तसं त्यांनी पाणीही भरून ठेवलं होतं. पिंपात हवेचा थेंब शिल्लक नव्हता.

दाराला तेलाचा डबा लावलेला होता. शिस्तीच्या माणसाला उघडं दार सोसेना. साहेबांनी बुटाने डबा सरकवला, दार धाडकन बंद झालं. नीट लागलं का ते पाहायला त्यांनी मूठ ओढली, तर मूठ हातात आली. कुणी वाढदिवसाला भेट द्यावी तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"आता बोला आरामात," काका मराठीत म्हणाले.

तेवढ्यात व्हॉल्व्ह थुंकला. त्याचं तोंड नेमकं दाराकडे. उकळतं पाणी दारासमोर पसरायला लागलं आणि आम्ही तिघं मागच्या भिंतीला चिकटलो. काकांनी तेलाची तोटी बंद केली. बर्नर विझला, पण भट्टीतल्या तापलेल्या विटा थोड्याच ऐकतात? काटा पुढेच चालला होता.

काकांनी पाइपावर पाना आपटला, जीव खाऊन. वरून पळीचे दोन ठोके आले. दम धरा. पुन्हा आपटला. पुन्हा दोन, जरा रागाने. मग पहिल्या मजल्यावरून कुणीतरी झाडूच्या दांड्याने जमीन बडवली.

"काय म्हणतायत?" साहेबांनी हिब्रूत विचारलं.

"चहा होतोय," मी म्हणालो.

काका पाण्याच्या नळाकडे निघाले. "भरू या. थंड होईल."

"भरलेल्यात आणखी भरणार?" साहेबांचा आवाज चिरकला. "त्या पिंपात अर्धी हवा लागते. पाणी तापून फुगलं की जाणार कुठे? बसवणाऱ्याने मला बजावलं होतं."

मी भाषांतर केलं. काका थांबले. "मग मला का नाही बोलला?"

"मला वाटलं, बॉयलरवाल्याला ठाऊक असतं."

काकांनी पिंपावर पाना मारला, बद्द आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्यांना बोल, आमच्या मिलमध्ये एकदा पाणी उतरलं, कुणी बघितलं नाही. बाबू म्हणून फायरमन होता. त्याची टोपी तेवढी सापडली. तापलेल्या बॉयलरचं पाणी सोडायचं? माझा हात होणार नाही."

साखर घालायला त्यात जागाच नव्हती. मी जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी कोट काढला, घडी घालून तेलाच्या डब्यावर ठेवला, पिंपाखालच्या तोटीपाशी गेले आणि थांबले. थोड्या वेळाने काका त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. काकांनी तोटीवर हात ठेवला, साहेबांनी काकांच्या हातावर. काकांनी डोळे मिटले आणि तोटी फिरवली. पाणी आधी बादलीत आणि मग साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर. काटा थरथरला आणि खाली आला. व्हॉल्व्हने एक शेवटची पिचकारी मारली आणि गप्प बसला.

दार मात्र बंदच. आम्ही डब्यांवर बसून राहिलो. भट्टीसारखा उकाडा, दिवा एक, हवा नाही. साहेबांनी ओले बूट काढले, टाय सैल केला, मग तोही काढूनच टाकला. "असं किती वेळ बसायचं इथे?"

"ह्यांना बोल," काका म्हणाले, "मला हा दुसरा हिवाळा."

"पण संध्याकाळी घरी जात असेल ना?"

काका हसले. "घर? ह्या भिंतीपलीकडे. असंच आहे. फक्त बॉयलर नाही."

साहेबांनी हात लांब करून ती भिंत चाचपली.

शेवटी दार उघडलं. दारात काकू, हातात एक कप चहा. "काय हो, किती ठोकता? माणसाने हातातलं काम टाकून पळत सुटायचं का?" मग तिला आपला मालक दिसला, टायशिवाय, ओल्या मोज्यांत. तिने मुकाट्याने कप त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी चहा संपवला, बूट घातले, कोट घेतला, 'शब्बाथ शालोम' अशा शब्बाथच्या शुभेच्छा दिल्या आणि निघाले. जाताना त्यांनी शेजारचं दार ढकललं आणि काकांच्या खोलीत डोकावले. आत दोन खाटा, एक पेटी, भिंतीवर काकूच्या साड्यांची दोरी. ते उंबऱ्यातच उभे राहिले. जे सांगायला आले होते ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, आणि पुढेही कधी नाही.

रविवारी गवंडी आला आणि त्याने काकांच्या खोलीला वर, छताजवळ, एक खिडकी पाडली. बाहेरून ती फुटपाथच्या पातळीला यायची. आतून दिसायचे ते नुसते पाय. काका खाटेवर उभे राहून ते तासन्‌तास बघायचे. "पोलिश बाईने नवे बूट घेतले," ते मला बातम्या द्यायचे. "रुमानियन आज पिऊन आलाय. डावा पाय उजव्याला विचारतोय."

चौसष्टमध्ये मी लग्न करून तिथून निघालो. ट्रंक घेऊन खाली आलो तो शुक्रवार होता. लांडाउसाहेब फुटपाथवर रुमाल अंथरून, टायसकट, एका गुडघ्यावर टेकले होते. दर शुक्रवारी टेकायचे. खिडकीत तोंड घालून त्यांनी विचारलं, "हस्केल, पाणी सोडलंस का?"

"सोडलं, बाबा, सोडलं," आतून मराठीत उत्तर आलं. "आता बाजूला हो. उजेड अडवतोस."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"शब्बाथ शालोम म्हणतायत," मी म्हणालो.