फ्यूज कुणाच्या खिशात?

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात तारांचे तुकडे साठतात, तसे ते साठतात. टाकवत नाहीत, म्हणून राहतात. राजूरच्या पुढं डोंगरात आमचं हायस्कूल आहे. तिथं मी पोरापोरींना इलेक्ट्रिकल हा व्यवसाय विषय शिकवतो. आमची मुलं बक्षिसं आणतात, पेपरात फोटो येतो, त्यात कडेला अर्धा कापलेला माणूस म्हणजे मी.

आज सांगतो ते सगळे किस्से फ्यूजचे आहेत. पांढरा, चिनी मातीचा, मुठीत मावेल एवढा. माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा, की नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही. फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात घालायचा, मगच तारेला हात लावायचा. फ्यूज आपल्या खिशात असला, की मागून कुणी सप्लाय चालू करू शकत नाही. एवढं साधं आहे ते.

*

पहिल्याच वर्षी एक पठ्ठ्या शनिवारी ऑफिसातला फ्यूज खिशात घालून घरी गेला. सोमवारी हेडमास्तरांची ऑनलाइन मीटिंग, आणि ऑफिसात अंधार. ते धुमसतायत, मी घाम पुसतोय. साडेदहाला हे महाराज डुलत आले.

"अरे, फ्यूज कुठंय?"

"खिशात हाय की, सर. काम अर्धंच झालं हुतं. तुमीच म्हनला, काम संपल्याबिगर काढायचा न्हाई."

हेडमास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तो घरी नेला होता.

*

मग जया आली. हात असा, की वायर सोलताना तांब्याला ओरखडा नाही. पण मुलींच्या गणवेशाला खिसाच नव्हता. मी म्हणालो, "ओढणीला गाठ मार."

"गाठ सुटती, सर."

दुसऱ्या दिवशी तिच्या कुडत्याला खाकी खिसा. आबांचा, म्हणजे वडिलांचा, जुना शर्ट कापून तिनं तो शिवला होता. आठवड्यात वर्गातल्या सगळ्या मुलींना खिसे आले. हेडमास्तर म्हणाले, "हे गणवेशात बसत नाही."

मी म्हणालो, "सर, शॉकसुद्धा गणवेशात बसत नाही." मग त्यांनी विषय सोडला.

*

जिल्ह्याच्या स्पर्धेला नगरला गेलो. शिट्टी वाजली, सगळे बोर्डाला भिडले. आमची जया हात मागं बांधून उभी.

"फ्यूज कुनाच्या खिशात हाय?"

आयोजक म्हणाले, "अगं बाई, मेन बंद केलाय."

"बंद हाय, पर फ्यूज कुनाकडं हाय?"

फ्यूज सापडून तिच्या खिशात पडेस्तोवर बाकीच्यांचं निम्मं काम झालं होतं. तरी दुसरी आली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पहिला नंबर हातचा गेला होता.

राजूरच्या स्टँडवर तिचे आबा न्यायला आलेले. ते एका ठेकेदाराकडं विजेच्या खांबावर चढायचे. ढाल उलटीसुलटी करून म्हणाले, "दुसरी का गं?"

तिनं कारण सांगितलं. आबा पोट धरून हसले. "आमच्यात कोन येवढं बघतंय? वरून हाळी द्यायची, खालचा डीपीच्या पेटीतला फ्यूज काढतो. झालं की परत हाळी."

"आबा, काढलेला तुमच्या खिशात ठेवत जा."

"व्हय व्हय, ठेवतो की."

मीही हसलो त्यांच्याबरोबर. ते हसणं मला आजही टोचतं.

*

भातं काढणीला आली होती. आबा खांबावर होते. खालच्याला वाटलं, काम झालं. त्यानं डीपीवर फ्यूज टाकला.

मी पोचलो तेव्हा त्यांना खाली उतरवलं होतं. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. दुसरं काही नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो.

*

जया बारावीला होती. प्रॅक्टिकल झालं की पुढं आयटीआय. आई म्हणाली, "वायरीला हात लावायचा न्हाई. आता एकच माणूस उरलंय माझ्या घरात."

मी दोनदा घरी गेलो. पहिल्यांदा नुसता चहा पिऊन परतलो. दुसऱ्यांदा म्हणालो, "वहिनी, पोरीचं वर्ष जाईल."

"जाऊ द्या. पोर तर ऱ्हाईल."

उठलो. दारापर्यंत आलो, तेव्हा मागून त्या म्हणाल्या, "मी संगं येनार. बघनार. मग काय ते ठरवीन."

*

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक. त्यांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच स्टूल ओढून दिलं. वहिनी त्यावर डोईवर पदर घेऊन बसल्या.

जयानं मेन बंद केला. फ्यूज काढला. हात सवयीनं खाकी खिशाकडं गेला, आणि थांबला. ती आईपाशी गेली, तिच्या मुठीत फ्यूज ठेवला, बोटं मिटवली.

"आई, मी मागीन तवाच दे. दुसऱ्या कुनी मागितला तरी द्यायचा न्हाई. सरांनी बी."

पाऊण तास वहिनींनी ती मूठ मांडीवरून हलवली नाही.

"आई, झालं. दे."

मूठ उघडेना. परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

"हात काढलास का?" वहिनींनी विचारलं.

"काढला."

"दोनी?"

जयानं दोन्ही हात वर करून दाखवले. वहिनी उठल्या, बोर्डापर्यंत आल्या आणि त्यांनी मूठ उघडली. घामानं भिजलेल्या त्या फ्यूजकडं त्या बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"सर, मावलं असतं की हो हे त्यांच्या खिशात."