सूर धरणारी

“हिचं घराणं वाजंत्र्यांचं. थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही.”

माईकवर म्हणाला तो, आमच्या बँडचा गिटारवाला. नगरच्या त्या हॉलात दोनेकशे माणसं असतील. सगळी हसली. मीही हसले. ते हसू अजून तोंडात कडू लागतं.

आमचा चौघांचा बँड. गिटारवाला, कीबोर्डवाला, ड्रमवाला आणि मी. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. जॅझ, रॉक आणि आपले राग एकत्र कालवलेले. गिटारवाला म्होरक्या, कारण तालमीची खोली त्याच्या वडिलांच्या बंगल्यात. मी डबल बास वाजवते. माझ्याहून उंच लाकडी धूड, उभ्यानं पोटाशी धरून गजानं वाजवायचं. भिंगारच्या एका मास्तरांनी शिकवलं. लष्करी बँडमधून रिटायर झालेले. त्यांचाच जुना बास मला दिला. दिवसा एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करायचं, संध्याकाळी भिंगार. तीन वर्षं. फार मोठी वादक नाही मी, मधल्या पायरीवरची. चार मात्रांत बिनधास्त चालते, सातात अडखळते. वरचे सूर बोटाला अजून शोधावे लागतात. मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको.

पण त्या दिवशी मी सातात नव्हते चुकले. म्होरक्यानं हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं, असं ठरलेलं. तिघं थांबले. माझा गज खालच्या सुरावर चालूच राहिला, चारपाच सेकंद. तेवढ्यात त्यानं माईक ओढला.

का थांबले नाही, ते सांगते. आम्ही जामखेडकडचे, मातंग वस्तीतले. लग्नात चुलता सनई वाजवायचा आणि माझा बाप सूर धरायचा. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्याच्यावर एकच स्वर धरून ठेवायचा. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, न तोडता. आणि आमच्यात नियमच आहे, सनई ओठांवरून खाली येत नाही तोवर सूर सोडायचा नाही. कुणी हात वर करो, मान हलवो. म्होरक्यानं हात वर केला खरा, पण गिटार त्याच्या गळ्यातच होती. माझं अंग ती खाली यायची वाट बघत राहिलं.

मी दहा वर्षांची असताना गावातल्या एका बागायतदाराकडं लग्न होतं. आम्ही मांडवाबाहेर, उन्हात. नवरदेवाचा मामा येऊन म्हणाला, पाहुण्यांची गाडी येईपर्यंत वाजवायचं, मध्ये थांबलात तर याद राखा. गाडी कुठंतरी पंक्चर होऊन पडलेली. सनईवाल्याला मध्ये दम घ्यायला जागा असते. सूर धरणाऱ्याला नाही. दोन तास. बापाचा ओठ फाटला, तोंडात धरायची पत्ती रक्तानं लाल झाली. पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. मामा खुर्चीत बसून सरबत पीत होता. बापानं एकदा माझ्याकडं बघितलं. आणि मी मान खाली घातली. मला लाज वाटली. त्या मामाची नाही, बापाची.

बाप चार वर्षांमागं गेला, छातीच्या दुखण्यानं. सूर नाही गेला. फ्रिज सुरू झाला की ऐकू येतो. कंपनीत मशीन गुरगुरतं, त्यात असतो. जाड तारेवर गज ठेवला की पाठीशी कुणीतरी नाकानं श्वास घेतंय असं वाटतं. मी वळून बघते. दर वेळी बघते.

पुढच्या तालमीला म्होरक्या खुशीत होता. म्हणाला, तुझी चूक लोकांना लई आवडली, ती आपण ठेवूनच देऊ. आम्ही थांबायचं, तू वाजवत राहायचं. मग मी ओरडेन, “ए वाजंत्री, बस!” तू दचकून थांबायचं. मी म्हणाले, दुसरं काहीतरी करू.

“अगं, गंमत आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस? नाहीतर बासगिटारवाला एक जण तयारच आहे.”

कीबोर्डवाला मोबाईलमध्ये बघत बसला. ड्रमवाल्यानं पुसलेल्याच काठ्या परत पुसल्या. मला बँड हवा होता. नगरात दुसरं कोण मला हा बास घेऊन उभं करणार होतं? मी हो म्हणाले. लपवत नाही. हो म्हणाले.

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “तुज्या बापाला थांबू दिलं न्हाई, तुला थांब म्हनत्यात. दोन्ही टायमाला त्येंचंच चालतंय.” आणि भाकरी तव्यावर टाकली.

पुढचा कार्यक्रम श्रीगोंद्याला, एका कॉलेजच्या मैदानात. शेवट आला. हात वर झाला. तिघं थांबले, मी गज चालू ठेवला.

“ए वाजंत्री, बस!”

लोक हसले. मी थांबले नाही. तो परत ओरडला. थोडे हसले. मी त्याच्याकडं बघत वाजवत राहिले. एकच सूर. गज वर, गज खाली, न तोडता. मग कुणीच हसेना. तो जवळ आला, दात खाऊन हळूच म्हणाला, पुरे कर. माझा दंड भरून आला होता, बोटं जळत होती. मागून तो श्वास येत होता. या वेळी मी वळले नाही.

शेवटी त्यानं गिटार गळ्यातून काढली आणि खाली ठेवली.

माझं अख्खं अंग म्हणालं, सोड आता. सनई खाली आली. पिढ्यानपिढ्यांचं अंग ते. मी नाही सोडला. अजून वाजवला. मला पुरे वाटलं तेव्हा गज उचलला.

बँड सुटला. बाप काही परत आला नाही. सूर अजून ऐकू येतो, पत्ती अजून लाल दिसते. दिसू दे. मला ते विसरायचं नाही.

आता बास घेऊन गावाला जाणार आहे. चौकात वाजवणार, मांडवाबाहेर नाही. तो मामा अजून जिवंत आहे. त्याला बोलावणार. बसायला खुर्ची देईन, सरबतही देईन. पण मी थांबेपर्यंत उठायचं नाही.