माग बंद होते त्या सकाळी

आमच्या वडगावातनं येळ्ळूरला जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली सकाळी इतकी माणसं पळत असतात, की पूर्वी कुणी असं पळताना दिसलं असतं तर ह्यांच्या घरात काय झालं म्हणून आम्हीच मागनं धावलो असतो. आता पळणं नुसतं पळण्यासाठी. हेल्मेटवाले सायकलवालेही असतात, त्यांच्या सायकली एका हातानं उचलाव्यात इतक्या हलक्या. आणि त्या सगळ्यांत आमचे मालक. पायजमा वर खोचलेला, काळी जुनी सायकल, कॅरिअरला रिकामी पिशवी. पळणारी पोरं म्हणायची, "आप्पा, गुड मॉर्निंग!" हे हात वर करायचे. ओळखत मात्र कुणालाच नव्हते.

कारण यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो का नाही ते, मग कधीमधी मी. सायकल तेवढी राहिली. उजाडताना निघायचे, येळ्ळूरच्या अलीकडच्या चिंचेपर्यंत जायचे आणि परत दारात. मुलगा पुण्यातनं फोनवर सांगायचा, "आई, सायकलीला कुलूप घाल." एकदा घातलंही. तर हे त्या कुलपापाशी बसून रडले. काढलं मग मी. रस्ता तरी आठवतोय ना, एवढाच काय तो मला धीर. येईल त्याला मी सांगायची, "रस्ता पाठ हाय त्यास्नी."

त्या दिवशी तारा बदलायच्या होत्या, म्हणून संध्याकाळपर्यंत करंट नव्हता. तसं लाइटवाले आदल्या दिवशीच सांगून गेले होते, त्यामुळं घरातले आमचे दोन यंत्रमाग चालवणारा माणूस आलाच नाही. गल्लीत कुणाचाच माग सुरू नव्हता. खरं सांगते, मला बरंच वाटलं, कानांना जरा विसावा. चहा ठेवला. यांची यायची वेळ झाली. चहा उकळून आटला, ऊन उंबरा ओलांडून आत आलं, तरी हे नाहीत.

पदर खोचला आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथं विचारलं.

"आप्पा? आलते की मगाशी," टपरीवाला म्हणाला. "हितंच उतरले सायकलवरनं. गल्लीकडं कान देऊन उभारले. मी म्हटलं, आप्पा, चहा घ्या. तर म्हणाले, ही आमची गल्ली न्हवं, आणि गेले की परत."

"अरं, मग धरून ठेवायचं न्हाय व्हय रं?"

"मला वाटलं, चेष्टा करायलेत."

तेव्हा कुठं मला कळलं. रस्ता पाठ नव्हता त्यांना. हे परत यायचे तेव्हा सगळी गल्ली मागांनी खडखडत असायची. त्या आवाजाच्या धाग्यानं माणूस घरी येत होता, आणि आज आवाज नाही म्हणून स्वतःच्या घरावरनं परत गेला होता.

येळ्ळूर रोडला आले तोवर पळणारे घराकडं परतत होते. त्यांतली एक पोरगी घाम पुसत स्कूटरला किल्ली लावत होती. मी तिचा हातच धरला.

"आजी, रडू नका. बसा मागं. कुठं जायचं सांगा."

ते ठाऊक असतं तर काय हवं होतं! चिंचेपर्यंत गेलो, नव्हते. धामणेच्या फाट्याला गेलो, नव्हते. सायकलवाल्यांचा एक घोळका थांबला होता. काळी सायकल, कॅरिअरला पिशवी, म्हणून विचारलं, तर एकजण हसून म्हणाला, "आमच्या ग्रुपात न्हाईत हो काकू तसले."

"अण्णा, हसताय काय?" पोरगी त्याच्यावर धावली. "त्यांचं माणूस हरवलंय!"

पुढं रस्त्याकडंला विहीर दिसली की मी स्कूटर थांबवायला लावायची आणि आत वाकून बघायची. पाणी हिरवं, त्यात माझंच तोंड. दरवेळी हायसं वाटायचं, आणि पुढची विहीर दिसली की पुन्हा पोरीचा खांदा दाबायची.

मग मला सुचलं. "पोरी, आज खडखड कुठं हाय गं?"

"कसली खडखड?"

"कसलीबी."

तिनं नव्या बायपासकडं बोट केलं. तिथं दगड फोडायचं मशीन चालू होतं.

तिथंच होते. लाल धुळीनं माखलेले, सायकल धरून मशीनसमोर उभे. राखणदार कानडीत "अज्जा, होग्री, होग्री!" म्हणून हाकलत होता, आणि हे त्यालाच आपलं घर विचारत होते.

मी जवळ गेले. हळूच म्हटलं, "चला, घरी जाऊ."

"तुम्ही कोण, आक्का?" त्यांनी अदबीनं विचारलं. "आमचं घर मागवाल्याचं हाय. हितंच कुठंतरी आसंल, आवाज येतोय."

"मी दावते," म्हटलं.

आले. परक्या बाईबरोबर चालावं तसे चार हात लांबनं, सायकल ढकलत. पोरगी स्कूटर हळूहळू मागनं आणत होती. वाटेत मी विचारलं, घरी कोण असतं?

"मालकीण हाय. लई बोलते."

"भांडते काय?"

"छे! माग चालू असला की वरडूनच बोलावं लागतंय न्हवं? तिचा आवाज मागाच्या वर चढतोय," हे म्हणाले, आणि हसले.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पुन्हा तेच. "ही न्हवं." सायकल वळवायला लागले. मी कॅरिअर धरला.

"सोडा हो आक्का! माझी माणसं वाट बघत असतील."

हिसका असा बसला की बोटं सोलली. मला बाई काही सुचेना. आज पुन्हा गेले तर? उद्या गेले तर? आणि मग ध्यानात आलं, जन्मभरात मी यांच्याशी कधी हळू बोललेच नव्हते. आज रडं दाबून कुजबुजत होते, तो आवाज यांनी कधी ऐकलाच नव्हता.

कॅरिअर सोडला. भर गल्लीत उभी राहून बोंबलले, "अवो! चहाचं पाणी झालं! किती येळ? या की आत!"

दारादारांतनं माणसं बाहेर आली. हे थबकले.

"आलो, आलो. वरडू नको," म्हणाले, आणि सायकल आत घेतली.

पण घरात तरी कुठं आवाज होता! मागाला हात लावून बघितला, इकडं तिकडं बघितलं, आणि हे पुन्हा उंबऱ्याकडं वळले. मी चुलीपासनंच ओरडायला लागले. भाजी महागली, शेजारणीच्या सुनेला दिवस गेले, तोंडाला येईल ते. पाणी प्यायला जरा थांबले की यांची चप्पल दाराकडं सरकायची. दुपारपर्यंत माझा घसा बसला. नुसती हवा बाहेर पडायची. करंट यायला अजून अर्धा दिवस होता.

पोरगी गेली नव्हती, उंबऱ्यातच बसून होती. मी तिला हातानं खुणावलं, तू बोल, मोठ्यानं.

"काय बोलू आजी?"

कायबी, अशी मान हलवली.

मग ती उभी राहिली आणि ओरडून सांगायला लागली, सकाळी घरातनं कशी निघाली, कुठल्या वळणावर कुत्री मागं लागली, कुठं दम लागला, कुठं पाणी प्याली. आणि हे दारातनं मागं फिरून, कानामागं हात धरून, तिच्या तोंडाकडं बघत बसले.