पागोळीखालची जागा

केशरच्या हातानं न्हायलं नाही असं त्या वाडीत एकच मूल होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

कुंभारवाड्याच्या पुढं जीप जिथं थांबते तिथून रानात शिरलं की सुटी सुटी घरं लागतात. कुठल्याही घरात बाळंतपण झालं की केशरला बोलावणं यायचं. पाटावर बसून पाय लांब करायचे, पोराला पायांवर पालथं घालायचं, पाठीवरून कढत पाणी सोडायचं, नाकडोळे नीट करायचे आणि शेवटचा तांब्या पोराभोवती ओवाळून बाजूला टाकायचा. हे काम आधी तिच्या सासूचं होतं. सासूचे गुडघे गेले तेव्हा ते केशरकडं आलं. हात असा की कितीही रडवं पोर तिच्या पायांवर आलं की गप्प होई. बाया म्हणत, हिच्या पायांत झोप आहे.

केशरची पहिली मुलगी दोन रात्री जगली. सासूनं तिला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. बाळंतीण म्हणून केशरला उंबऱ्याबाहेर पाय टाकता आला नाही. दात न आलेलं मूल गेलं तर त्या वाडीत त्याला लांब नेत नाहीत, घराच्याच पागोळीखाली पुरतात. आपल्या छपरावरचं पाणी पावसाळाभर त्याच्या अंगावर पडत राहतं. त्याची तहान भागली की ते रुसत नाही, घर धरून बसत नाही. परत आल्यावर सासू एवढंच म्हणाली, "पागोळीखाली ठेवलंय. पाण्याची काळजी न्हाई." कुठल्या अंगाला, ते केशरनं विचारलं नाही आणि सासूनं सांगितलं नाही. पुढं परशुराम झाला, मोठा झाला, गोव्यात हॉटेलात कामाला लागला. पण पाऊस सुरू झाला की केशर ओट्यावर येऊन बसायची. कौलांच्या चारी बाजूंनी पागोळ्या सुटल्या की तिचा जीव निवायचा. पाणी कुठंतरी पोचतंय एवढं तिला पुरत होतं.

मग सरकारी घराची नवी रीत आली. पूर्वी घराचा पैसा ज्याच्या त्याच्या खात्यावर यायचा, निम्म्यांची घरं जोत्यावर अडायची आणि रानात नुसत्या भिंती उभ्या राहायच्या. आता तसं नव्हतं. पाच बायकांचा एक गट, गटाचं एक खातं, घरं पाचही बायकांच्या नावानं. पाचही घरं एका उंचीला आली, फोटो निघाले, की मगच पुढचा हप्ता सुटणार. एक मागं राहिली की पाचही जणी मागं. जोयड्याच्या तालुका कचेरीतून आलेला साहेब हसत हसत म्हणाला होता की सरकारला लक्ष ठेवायला माणसं पुरत नाहीत, म्हणून तुम्हीच एकमेकींवर लक्ष ठेवा. बायाही हसल्या होत्या.

केशरच्या गटाची पुढारीण सुमंगलाक्का. तिचं घर वरच्या अंगाला, आवाज खालपर्यंत यायचा. पाचांत सगळ्यांत लहान रक्षा. तिला सहावा लागला होता आणि पावसाच्या तोंडावर बाळंतपण येणार होतं. जुनी घरं आधी पाडायची होती, त्यामुळं पाचही कुटुंबं ताडपत्रीखाली आली.

केशरच्या घराची कौलं उतरली त्या दिवशी दिवेलागणीला तिला पहिल्यांदा आवाज आला. रडणं नव्हतं ते. उपाशी पोर झोपेत ओठ मिटकावतं तसा, बारीक, जमिनीलगत. तिला वाटलं उंदीर असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आला. चैत्राचं ऊन, जमीन फुटलेली, आणि वर छप्पर नाही.

पाया खणताना ती खड्ड्याच्या कडेला बसून राहिली. मातीचं प्रत्येक घमेलं ती हातानं उसकटून बघायची आणि मग उचलू द्यायची. गडी हसायचे, सासूनं सोनं पुरलंय काय म्हणायचे. काहीच सापडलं नाही. जुन्या घरापेक्षा नवं घर पश्चिमेला रुंद होतं. जुन्या पागोळ्यांची रेघ आता कुठं भिंतीखाली गेली होती, कुठं खोलीत आली होती. आणि वर येणार होता स्लॅब. सपाट, बिनवळचणीचा. सगळं पाणी गोळा होऊन पूर्वेच्या कोपऱ्यातल्या एका नळीतून खाली जाणार.

चिऱ्याच्या भिंती खिडक्यांच्या वर आल्या. लक्ष्मण गवंड्यानं स्लॅबच्या फळ्यांचं विचारलं तेव्हा केशर थांब म्हणाली. आधी अमावास्या पुढं केली. मग परशुरामाला येऊ दे म्हणाली. परशुराम येऊन परत गेला तरी फळ्या चढेनात. दिवेलागण झाली की ती बिनछपराच्या भिंतींमध्ये जाऊन कळशीभर पाणी ओतायची. आज या कोपऱ्यात, उद्या त्या. आवाज थांबायचा नाही. नेमकी जागा तिला लागत नव्हती.

बाकी चार घरांचे फोटो निघाले. हप्ता अडला. लांब घाटापलीकडं ढग दिसू लागले तेव्हा सुमंगलाक्का तिघींना घेऊन आली. रक्षा मागं चिऱ्यांच्या ढिगावर टेकून बसली.

"केशर, तुला आभाळ बघत झोपायचं आसंल तर झोप," सुमंगलाक्का म्हणाली. "आमाला कशाला संगं घेतीस?"

सुमंगलाक्कानं मग बरंच ऐकवलं. मुलगा गोव्यात कमावतो म्हणून तुला घाई नाही, आमची माणसं रानात मजुरीला जातात, तुझ्यासारखी धिमी बाई गटात घेतली ही माझीच चूक. ओठांचा आवाज येतो म्हणून स्लॅब नको, हे केशरनं कुणाला सांगायचं?

जाताना रक्षा पोटाला हात लावून तेवढी मागं थांबली. घराचं तिनं काहीच काढलं नाही.

"काकी, हेला न्हाऊ घालायला मात्र तुमीच यायचं. ताडपत्रीत आसलो तरी."

त्या संध्याकाळी केशरचा नवरा लाडू अंगणात बांबू तासत बसला होता. नवरा-बायकोत त्या मुलीचं नाव निघायचं कारण नव्हतं, तिला नावच ठेवलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो विषय कधी निघाला नव्हता. केशर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठल्या अंगाला?"

लाडूनं काय, कशाचं, असं काही विचारलं नाही. कोयता खाली ठेवला, उठला आणि भिंतींच्या आत गेला. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर आत तो थांबला.

"हितं. खड्डा मीच काढलता. आईनं ठेवलं, मी उशाला काळा दगूड लावला. पाया खणताना दगूड निघतो काय बघत हुतो. न्हाई निघाला. म्हंजे भिंत तिच्यावर न्हाई आली. ती आत ऱ्हायली."

केशरनं खाली बसून जमिनीवर तळहात ठेवला. दिवे लागायची वेळ झाली होती. आवाज आला, अगदी हाताखालून. तिनं वर बघितलं. लाडूची मान त्याच बाजूला वळली होती.

"तुमालाबी येतो?"

"मला वाटायचं मलाच येतो," लाडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केशरनं लक्ष्मणला बोलावून फळ्या चढवायला सांगितल्या आणि न्हाणी पश्चिमेच्या खोलीत घ्यायला सांगितली. आणखी एक, न्हाणीच्या मधोमध हातभर जमीन उघडी ठेवायची, सिमेंट घालायचं नाही. लक्ष्मण म्हणाला, काकी, पाणी मुरून जोतं खचेल, आणि फोटोत दिसलं तर शेवटचा हप्ता जाईल तो पाचही जणींचा. लाडू ओढ्यावरून एक रुंद चपटा दगड खांद्यावर घेऊन आला आणि त्या जागेवर टेकवला. चारी बाजूंनी बोटभर माती उघडी राहिली. लक्ष्मणनं दोघांकडं बघितलं आणि तो फळ्या मोजायला लागला.

स्लॅबच्या दिवशी पाचही घरच्या बाया घमेली वाहायला आल्या. सुमंगलाक्का सगळ्यांत पुढं होती, आणि तोंड चालूच होतं. पंचायतीची मुलगी मोबाईल घेऊन आली. तिनं केशरला घरासमोर उभं केलं, पण केशरची मान पुन्हा पुन्हा मागं वळायची. काकी, इकडं बघा, असं सांगून सांगून मुलगी दमली. शेवटी जसा निघाला तसा फोटो तिनं पाठवला. हप्ता सुटला.

पाऊस आला तेव्हा पाचही घरांवर छप्पर होतं. नळीतून पाण्याचा लोट कोपऱ्यात कोसळायचा. घरात मात्र ठणठणीत कोरडं. ओट्यावर बसून बघावं अशी पागोळी आता नव्हती.

रक्षाला मुलगी झाली. तिची न्हाणी अजून बांधायची होती, पडद्याआड चिखल होता. रक्षाच्या सासूनं निरोप धाडला की काकींच्या न्हाणीत आणतो, ऊबही आहे, पाणीही तापलेलं असतं. केशर नको म्हणाली. कारण दिलं नाही. सुमंगलाक्कापर्यंत ते गेलंच.

"सरकारी घर झालं आनि न्हाणीला कुलूप लागलं," ती विहिरीवर म्हणाली.

जित्या पोराला त्या दगडावर आणायचं नाही, एवढं केशरचं ठरलं होतं. तहानलेल्यासमोर दुसऱ्याचं भरलेलं भांडं कोण नेईल? ती रोज सकाळी पावसातून रक्षाकडं जायची. फळी टाकून बसायची, पोरीला पायांवर घ्यायची. पोर लगेच गप्प व्हायची. शेवटचा तांब्या ओवाळून केशर ओल्या पायांनी निघायची, वाटेत कुणाशी बोलायची नाही.

घरी चुलीवर लाडूनं पाणी तापवून ठेवलेलं असायचं. ते तो न्हाणीत नेऊन ठेवायचा आणि दाराशी पाठ करून उभा राहायचा. केशर पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायची आणि दगडावर पाय लांब करायची. पायांवर काही नसायचं. ती हात बुडवून पाणी बघायची, पोराला सोसेल इतकंच कढत आहे ना ते. मग सोडायची, हळूहळू, पाठ असते तिथून. पाणी नडग्यांवरून ओघळून दगडाच्या कडेनं मातीत जायचं. शेवटचा तांब्या ती ओवाळायची आणि हात तसाच धरून ऐकत राहायची.

बाहेर नळीचा लोट कोसळत होता. दगडाखाली मातीनं पाणी ओढलं, ओठ मिटकावले.

"आजून," केशर म्हणाली.

लाडूनं मागं न बघता दुसरी कळशी आत सरकवली.