न चढलेला डोंगर

कागलजवळ उसाची ट्रॉली उलटली आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, कमरेचं हाड मोडलं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. तेव्हा इलाज एकच, पायाला वजन लटकवून खाटेवर पडून राहायचं. त्या खाटेशी उभं राहून आई जोतिबाला बोलून बसली, "पोरगी पायी डोंगर चढंल तवाच मी बी तुझ्या दारात यीन. तवर न्हाय." नवस बोलताना ती कुणाला विचारत नसे.

आक्का उठली, पण हाड वाकडंच सांधलं होतं. एक पाय आखूड पडला. पायऱ्या बघितल्या की तिचा चेहरा पांढराफटक व्हायचा. माघात जोतिबाच्या खेट्यांचे, म्हणजे पायी वारीचे, रविवार आले की अख्खी गल्ली अनवाणी डोंगराकडं निघायची. आई दारात उभी राहून जाणाऱ्या बायकांच्या हातात देवाला वाहायला खोबरं द्यायची आणि आत वळायची. मी चिडायचे. जा की एकदाची, देव काय हजेरी घेतोय? पण ती हटली नाही.

पुढं मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स झाले. दोन हजार साल उलटल्यावर पुण्याहून एक डॉक्टर आमच्या दवाखान्यात नवं यंत्र घेऊन आले. हाडाला चमकते गोळे जोडायचे, कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवणार आणि आत स्क्रू कुठं चाललाय ते कॉम्प्युटरवर दिसणार. मोठी चिरफाड नाही. मोटारसायकलवरून पडलेल्या एका मुलीचं तसलंच मोडलेलं हाड माझ्यासमोर जागेवर बसलं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग आमच्या पोरीला बी वाट दावंल की त्यो डाक्टर!"

डॉक्टरांनी आक्काचे एक्स-रे फोटो बराच वेळ पाहिले. "ताजं असतं तर केलं असतं. आता वाकडंच जुळून घट्ट झालंय. यंत्र ते नीट दाखवेल, पण पुन्हा मोडायला गेलो तर आहे ते चालणंही जाईल." मी बाहेर जिन्यात बसून रडले.

आईला आक्कानंच सांगितलं. आई गच्चीवर गेली आणि डोंगराकडं तोंड करून तिनं हात जोडले. "आता तूच खाली ये, बाबा. आमच्यानं हुईना."

मागं आक्का कठडा धरून जिना चढून आली होती. आईनं वळून पाहिलं. "चढलीस व्हय गं?" म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

काही वर्षांनी आई डोंगर न चढताच गेली. पुढच्या माघात आक्कानं दारात खुर्ची मांडली. आता खोबरं ती देते.